पाहुण्याची साक्ष

आमच्या जऊळक्यात कोणी नवखा माणूस रेल्वेने उतरला, तर स्टेशनावरून गावात शिरेपर्यंत त्याला निदान तीनदा तरी 'कोन्या गावचे?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. चौथ्या वेळी प्रश्नाऐवजी चहा मिळतो. वाशीम जिल्ह्यातील, अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे हे गाव. २००८ साली मीटरगेजची जागा ब्रॉडगेजने घेतली, गाड्यांचा वेग वाढला. परंतु उतरणाऱ्याची विचारपूस करण्याची गावाची रीत काही पालटली नाही. या गावात मी मराठीचा शिक्षक म्हणून आलो आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलो. आपल्या समाजाची घरे या बाजूला थोडी; रविवारच्या मिस्सेसाठी बाहेरगावी जावे लागते. तेव्हा परका म्हणून पाहिले जाणे म्हणजे काय, याचा अनुभव मला काही प्रमाणात होता. परका म्हणून पाहणे म्हणजे काय, याचा मात्र नव्हता. तो मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आला, आणि त्यात माझ्या हातून एक चूक घडली. त्या चुकीचा विचार करता करता जो प्रश्न मला पडला, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू.

प्रश्न असा : जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिणारा, पदरचे एक अक्षरही न घालणारा मनुष्य खोटी साक्ष देऊ शकतो का?

माझी मुलगी परिचारिका आहे. आयर्लंडच्या पश्चिम भागात, रॉसकॉमन परगण्यातील एका छोट्या शहरात ती नोकरीनिमित्त राहते. २०१४ च्या ऑक्टोबरात तिने मला आणि माझ्या पत्नीला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतले. जाताना मी दोनशे पानांची एक वही बरोबर घेतली. मराठीच्या शिक्षकाला प्रवासवर्णन लिहिण्याचा मोह आवरणे कठीण, हे वाचक जाणतातच.

ती वही आजही माझ्याजवळ आहे. पहिल्या आठवड्यातील नोंदी वाचताना मला स्वतःचेच हसू येते. उन्हात पाऊस पडतो आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. कचऱ्याच्या पेट्या निरनिराळ्या रंगांच्या. कोणत्या दिवशी कोणती पेटी बाहेर ठेवायची याचे वेळापत्रक स्वयंपाकघरात लावलेले. बसमधून उतरताना लहानथोर प्रत्येक जण चालकाचे आभार मानतो. गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यावर समोरून येणारा मोटारचालक स्टिअरिंगवरचे एकच बोट किंचित वर उचलतो. तो काय दाखवतो, ते मला चार दिवस कळले नाही. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून ती चुलाण्यात जाळतात. टर्फ म्हणतात तिला. एका परसातली तिची रचलेली रास पाहून आमच्या घरच्या मंडळींना आपल्याकडच्या गोवऱ्या आठवल्या आणि त्या दिवशी त्यांना प्रथमच जरा बरे वाटले.

आभाराच्या नोंदीखाली मी त्याच दिवशी एक शेराही लिहून ठेवला आहे. या लोकांचे आभार म्हणजे नुसते ओठांचे काम. आपल्याकडे आईने ताट वाढले म्हणून कोणी तिचे आभार मानत नाही, कारण तेथे नाते असते, असा त्या शेऱ्याचा आशय. शेरा वाचायला बरा वाटतो. पण आज विचार करतो तेव्हा वाटते की, जऊळक्याहून वाशीमला नेणाऱ्या एस. टी.च्या चालकाशी माझे कोणते नाते होते, म्हणून मी तीस वर्षांत त्याला एक शब्द बोललो नाही? असो.

मुलीच्या घरासमोर रस्त्यापलीकडे एक जुने घर होते. त्यात ऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई एकट्या राहत. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचे समोरचे दार नेमके दिसे. गडद हिरव्या रंगाचे, पितळी कडीचे ते दार मला आजही डोळ्यांपुढे दिसते. मुलगी कामावर जाई, नात शाळेत जाई, आणि मी चहाचा पेला घेऊन खिडकीशी बसे. गावाकडे ओट्यावर बसण्याची सवय; तेथे ओटा नाही, म्हणून खिडकी. आम्ही जाऊन सतरा दिवस झाले तेव्हा मी वहीत लिहिले : समोरच्या घरात एक वृद्धा एकटी राहते. या सतरा दिवसांत तिच्या दाराशी पोस्टमनखेरीज एकही मनुष्य आला नाही.

या वाक्यात काहीही खोटे नव्हते. मी मोजलेच होते तसे.

एकदा मुलीने आमची त्यांच्याशी भेट करून दिली. आजीबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मुलीमार्फत विचारले, 'तुमच्याकडे प्यायला पाणी मिळते ना?' मला तो प्रश्न झोंबला. आयर्लंडमध्ये उपवासकाळात घरोघरी पुठ्ठ्याची एक छोटी पेटी ठेवतात. तेथील धर्माध्यक्षांनी १९७३ साली स्थापन केलेली त्रोकरा नावाची संस्था आहे. आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ दया. चाळीस दिवस घरातली माणसे त्या पेटीत नाणी टाकतात आणि ते पैसे दूरदेशीच्या गरिबांसाठी जातात. पेटीवर अशाच एखाद्या दूरदेशीच्या माणसांचे चित्र असते. आजीबाईंच्या कपाटावर अशी जुनी पेटी मी पाहिली आणि मनाशी म्हटले, हिने आपल्याला या पुठ्ठ्यावरून ओळखले आहे! मी ताठ मानेने उत्तर दिले की, आमच्याकडे विहिरी आहेत, नद्या आहेत, काही कमी नाही. मे महिन्यात आमच्या वाशीम जिल्ह्यातील किती गावे टँकरची वाट पाहत बसतात, ते मला ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचा प्रश्न अपुऱ्या माहितीवर आधारलेला होता, पण माझे उत्तर माहिती असूनही अपुरे होते. दोघांपैकी सत्याच्या अधिक जवळ कोण होते, हे वाचकांनीच ठरवावे.

त्याच रात्री मी गावाकडे पत्र लिहिले. चार पानांचे. त्यात रस्त्यांची, शिस्तीची, स्वच्छतेची स्तुती होती, आणि शेवटचे दीड पान त्या हिरव्या दारावर होते. म्हातारपण येथे पोरके आहे, असे मी लिहिले. मुलीने पत्राची छायाचित्रे मोबाईलवरून धर्मग्रामातील एका स्नेह्याकडे पाठवली, आणि पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ते पत्र सर्वांना वाचून दाखवण्यात आले. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले, असे मला कळवले गेले. मला, खोटे कशाला सांगू, फार समाधान वाटले.

नोव्हेंबरच्या अखेरीस आजीबाई झोपेतच वारल्या. मुलगी म्हणाली, 'बाबा, आपल्याला जायलाच हवे.' आम्ही रस्ता ओलांडला तेव्हा ते हिरवे दार सताड उघडे होते. मी ते प्रथमच उघडे पाहत होतो. दारातून निघालेली माणसांची रांग फाटकाबाहेर, पावसात, रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. पुढच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवलेली. बाजूला घरातली माणसे बसलेली. येणारा प्रत्येक जण त्यांच्यापैकी प्रत्येकाचा हात हातात घेई, तुमच्या दुःखाचे वाईट वाटते अशा अर्थाचे तेच ते तीन-चार शब्द म्हणे, पेटीपाशी क्षणभर थांबे आणि आत चहाला जाई. संध्याकाळी सर्वांनी गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना केली. शब्द कळत नव्हते अशांतला भाग नाही. पण चाल निराळी होती, आणि तरी दहाव्या 'नमो मरिये'नंतर आवाज कोठे खाली येणार, ते मला आधीच कळत होते.

आत चहा घेताना एका शेतकऱ्याशी बोलणे झाले. गेली अकरा वर्षे आठवड्यातून तीनदा तो आजीबाईंना टर्फ आणून देत असे, असे त्याने सांगितले. मी थक्क झालो. म्हटले, मी तर तुम्हाला कधी पाहिले नाही. तो म्हणाला, 'पाहाल कसे? मी मागच्या दाराने येतो. सगळेच मागच्या दाराने येतात.' मग त्याने समजावून सांगितले. त्या भागातील जुन्या घरांत समोरचे दार धर्मगुरूंसाठी, डॉक्टरांसाठी आणि शवपेटीसाठी. ओळखीचे माणूस समोरच्या दाराची कडी वाजवत नाही. ते परसातून थेट स्वयंपाकघरात येते. समोरून येतो तो परका.

त्याने मला विचारले, 'तुमची त्यांच्याशी ओळख होती का?'

मी म्हणालो, 'मी त्यांना रोज पाहत होतो.' हेही वाक्य खरेच होते.

दुसऱ्या दिवशी दफन झाले. खड्डा शेजाऱ्यांनीच खणला होता; पश्चिमेकडच्या खेड्यांत अजून पुष्कळ ठिकाणी ती रीत आहे. आजीबाईंचा एक मुलगा अमेरिकेहून वेळेवर पोहोचला, दुसरा पोहोचू शकला नाही. परतताना त्या शेतकऱ्याने मला त्या देशाचा इतिहास त्याच्या पद्धतीने सांगितला. १८४५ ते १८४९ या वर्षांत बटाट्याचे पीक कुजले, सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगाने मेली, आणखी तितकीच जहाजात बसून गेली. १८४१ साली त्या बेटाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या वर होती. आज एकविसाव्या शतकातही ती तेवढी भरलेली नाही. पोर अमेरिकेला निघाले की आदल्या रात्री घरी शेजारीपाजारी जमत आणि मृताजवळ जागतात तसे रात्रभर जागत; कारण ते पोर पुन्हा दिसणार नाही हे आईबापांना माहीत असे. अशा लोकांविषयी मी लिहिले होते की, त्यांना म्हाताऱ्यांची माया नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण तिचा अर्थ 'खोटे बोलू नये' एवढाच पाठ करतो. परंतु आज्ञेत शब्द साक्षीचा आहे, आणि साक्ष म्हणजे नुसते वाक्य नव्हे. न्यायालयात साक्षीदाराला प्रथम विचारतात, तुम्ही कोठे उभे होता? किती वेळ? मध्ये काय होते? मग दुसऱ्या बाजूचा वकील त्याची उलटतपासणी करतो. परदेशातून पत्र लिहिणाऱ्या पाहुण्याची उलटतपासणी घेणारे कोणी नसते. ज्यांच्याविषयी तो लिहितो त्यांना त्याची भाषा येत नाही, आणि ज्यांच्यासाठी लिहितो त्यांनी तो देश पाहिलेला नसतो. दोन्हीकडून मोकळे रान. माझ्या पत्रातले प्रत्येक वाक्य खरे होते. 'मी खिडकीत बसलो होतो आणि मला एकच दार दिसत होते' हे एक वाक्य तेवढे नव्हते. ते असते, तर बाकीच्या वाक्यांना कोणी बाधा आणू शकले नसते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभीच असे एक पत्र आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लिश येशूसंघीय ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. १० नोव्हेंबरला त्यांनी इंग्लंडमधील आपल्या वडिलांना पत्र लिहिले. दिवस मोजले तर सतराच भरतात. हे मला पुढे कळले तेव्हा मी जरा दचकलो. त्यांच्या पत्राचा मोठा भाग समुद्रप्रवासाचा आहे. वारे, होकायंत्र, पक्षी, मासे, जहाजावरचे आजार. गोव्याच्या माणसांविषयी मात्र थोड्याच ओळी. सामान्य माणसे कमरेला वीतभर वस्त्र गुंडाळून असतात असे ते नोंदवतात, आणि लगेच म्हणतात की, आपण एवढा साजशृंगार करून स्वतःला जितके ठीक समजतो तितकेच तेही स्वतःला समजतात. केवढे हे मोठे मन! पण त्याच ठिकाणी, गोव्याच्या माणसांचे चेहरे वर्णन करताना, आफ्रिकेतील माणसांच्या नाकाओठांविषयी एक हिणवणारी तुलनाही त्यांच्या लेखणीतून उतरली आहे. एका समाजाला न्याय देताना दुसऱ्यावर जाता जाता अन्याय. पंचवीस-तीस वर्षांच्या तरुण पाहुण्याची ती चूक मोठी करून सांगण्याचा माझा हेतू नाही. चांगल्या नजरेलाही कोपरे असतात एवढेच. झाडाफळांविषयी लिहायचे तर दुसरे एवढेच लांब पत्र होईल, सध्या सांगता येत नाही, असे म्हणून ते थांबतात. युरोपात पाहिलेले एकही झाड, द्राक्षवेल सोडता, आपल्याला येथे अद्याप दिसले नाही, एवढे मात्र नमूद करतात. तो 'अद्याप' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

पुढची चार दशके ते येथेच राहिले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे त्यांनी लिहिले. आणि १६१६ साली त्यांचे क्रिस्तपुराण रायतूर येथे छापून निघाले : सुमारे अकरा हजार ओव्या, येथल्या माणसांच्या भाषेत, येथल्या माणसांनी ऐकण्यासाठी. ज्यांना १५७९ मध्ये एकही झाड ओळखीचे वाटले नव्हते, त्यांना मराठीची थोरवी सांगताना मोगरीची उपमा सुचली. वडिलांना लिहिलेल्या पत्रातील ओळी गोव्याच्या कोणा माणसाने तपासून पाहिल्या नसतील. ओव्यांची गोष्ट निराळी होती. त्यांतला शब्द चुकला असता तर सासष्टीतल्या एखाद्या म्हातारीनेही तो दुरुस्त करून दिला असता.

मग काय, चाळीस वर्षे राहिल्याशिवाय पाहुण्याने तोंडच उघडू नये? असे मात्र मला वाटत नाही, आणि येथे मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई ६ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियास पोहोचल्या. समारंभ ११ तारखेला झाला. पुढे सुमारे पावणेतीन वर्षे त्या त्या देशात फिरल्या, आणि १८८९ साली 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्यांचे मराठी पुस्तक निघाले. प्रारंभीच त्यांनी कबूल केले आहे की, एखाद्या वस्तूच्या सर्व बाजू एका माणसाला एकाच वेळी दिसत नाहीत, देशाचेही तसेच आहे. एवढे बजावून मग त्या मोकळेपणाने बोलतात. स्त्रियांच्या संस्थांचे त्या मनापासून कौतुक करतात. पण गुलामगिरी कायद्याने गेली तरी काळ्या माणसाविषयीचा तिरस्कार गेला नाही, हे सांगायला त्या कचरत नाहीत. श्रीमंत बायकांच्या टोप्यांवर मिरवणाऱ्या पिसांसाठी किती पक्षी मारले जातात, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

लक्षात घ्या, रमाबाई तेथे नुसत्या पाहुण्या नव्हत्या. मुंबईत निघायच्या शारदासदनासाठी त्याच लोकांकडून त्यांना मदत मिळत होती. ज्यांचे अन्न खाल्ले, ज्यांच्या देणगीवर आपले काम उभे राहायचे, त्यांच्या घरातला दोष सांगणे ही कृतघ्नता की प्रामाणिकपणा? काहीजण म्हणतील, मराठीत लिहिले म्हणून साधले. यजमानांना ते पुस्तक इंग्रजीत वाचायला २००३ साल उजाडावे लागले. या आक्षेपात तथ्य आहे, आणि मला त्याचे पुरते उत्तर सापडलेले नाही. तरीही माझा कौल रमाबाईंच्या बाजूने पडतो. तिरस्काराची ज्यांना सवय झाली आहे, त्यांना तो दिसत नाही. तो दिसायला कोणीतरी बाहेरून यावे लागते. अम्माऊसच्या वाटेवर क्लयपा त्या अनोळखी सोबत्याला काय म्हणतो, ते आठवा. यरुशलेमेत राहून तेथे घडलेले ठाऊक नसलेला परका तूच काय तो, अशा अर्थाचे त्याचे बोलणे आहे. आणि खरोखर ठाऊक कोणाला नव्हते?

तेव्हा पाहुण्याने गप्प बसावे असे म्हणून माझी सुटका होत नाही. रमाबाईंनी तिरस्कार पाहिला तो रेल्वेच्या डब्यांत, सभांत, माणसांच्या तोंडून. अनेक ठिकाणी, अनेक महिने. मी माया नसल्याचे पाहिले ते एका दारावरून. शिवाय एक फरक आणखी आहे, तो मला अधिक बोचतो. त्यांचे लिहिणे आपल्या लोकांना अस्वस्थ करणारे होते : अमेरिकेतल्या बायका हे करू शकतात, तर तुम्ही का नाही? माझे लिहिणे आपल्या लोकांना सुखावणारे होते. ते श्रीमंत खरे, पण माया आपल्याकडेच. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले ते आयर्लंडच्या म्हातारीसाठी नव्हे, स्वतःच्या चांगुलपणाच्या जाणिवेने; आणि ते पाणी मी काढले होते.

आता ती चूक कोणाला भोवली ते सांगतो. आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगी परिचर्येची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली होती. परदेशी जाण्याची तिची कागदपत्रे जवळजवळ पूर्ण झाली होती. वडील नव्हते, आई आणि धाकटा भाऊ. माझे पत्र वाचले गेले त्या दिवशी आई पहिल्या बाकावर होती. घरी जाऊन ती म्हणाली, 'जिथं म्हाताऱ्या माणसाला कोणी विचारत नाही, तिथं राहून माझी पोर उद्या मला काय विचारणार?' कागदपत्रे पेटीत गेली ती गेलीच.

मी जानेवारीत परतलो तेव्हा हे कळले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी मागच्या दाराची सारी हकीकत सांगितली. त्या माउलीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'गुरुजी, आता तुम्ही आमचं मन राखायला असं सांगता. तेव्हा तर तुम्ही डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं.' दुरुस्तीचे दुसरे पत्र मी लिहून दिले. तेही एका रविवारी वाचले गेले. पण पहिल्या पत्रात एक रडवणारी म्हातारी होती आणि दुसऱ्यात एका दाराचा खुलासा होता. त्या दिवशी लोकांना घरी जाण्याची घाई होती.

ती मुलगी आता विवाहित आहे, अकोल्यात एका दवाखान्यात काम करते, सुखात आहे. तीनएक वर्षांनंतर एका लग्नात भेटली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. ती हसली. म्हणाली, 'सर, आईचं मन आधीच होत नव्हतं. तुमचं पत्र निमित्त झालं.' मला मोकळे करण्यासाठीच ती असे म्हणाली, हे उघड आहे. आणि समजा ते खरे असले, तरी मनात दबलेल्या भयाला निमित्त पुरवणे हे काही निरपराधी काम नव्हे. पापनिवेदनाच्या वेळी मी हे फादरांना सांगितले. त्यांनी प्रायश्चित्त दिले, ते मी केले. परंतु खोटे बोलल्याचे पाप सांगू की न बोललेल्याचे, हे त्या पडद्याआड गुडघे टेकल्यावरही मला ठरवता आले नव्हते.

२०१९ च्या जुलैत मुलगी सुट्टीवर जऊळक्याला आली. नात नऊ वर्षांची झाली होती. शाळेने सुट्टीत पाहिलेल्या गोष्टींची वही लिहायला सांगितले होते, म्हणून ती दिवसभर पेन्सिल घेऊन ओट्यावर बसे. पाऊस बरा झाला होता, सोयाबीन गुडघ्याएवढे होते. तिच्या नोंदी इंग्रजीत. मी चष्मा लावून वाचत असे. येथे गाड्या न भांडताही भोंगे वाजवतात. लोक बाबांचा पगार विचारतात. चहा दिल्यावर थँक यू म्हटले की आजी हसते. रेल्वे येण्यापूर्वी कुत्री उठून उभी राहतात.

आणि पाचव्या दिवशी : आजोबांच्या समोरच्या घरात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. त्यांच्याकडे कोणी येत नाही.

मी म्हटले, 'अगं, त्या काही एकट्या नाहीत. त्यांचे दोन मुलगे पुण्याला असतात. शेजारीपाजारी आहेत. आम्ही सगळे आहोत.' एकदा मी परतल्यावर याच बाईंना आयर्लंडच्या आजीबाईंची कथा रंगवून सांगितली होती, तेव्हा त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या होत्या, 'कायले सांगता गुरुजी, मले तरी कोन आहे इथं?' मी ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून दिले होते.

नातीला तिच्या आईने दाराची गोष्ट सांगितलेली होती. तिने थोडा वेळ समोर पाहिले आणि विचारले, 'आजोबा, त्यांच्या घराला मागचे दार आहे का?'

त्या घराच्या मागे दुसऱ्याच्या वाड्याची भिंत आहे. दार एकच, आमच्या ओट्यासमोरचे. मी तिच्या वहीतल्या वाक्यावर बोट ठेवून होतो. काही न बोलता वही तिला परत दिली आणि ओट्याखाली चपला शोधू लागलो. नातही पेन्सिल कानामागे खोचून माझ्याबरोबर निघाली.